शंभर वॅटचा वक्ता

माझा आवाज रेडिओसाठीच घडवलेला आहे, असं माझं तरुणपणापासूनचं मत आहे. या मताला घरातून, शेजारातून किंवा बँकेतल्या सबंध नोकरीत एकदाही दुजोरा मिळाला नाही, हा भाग वेगळा. कॉलेजात असताना एका केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेलो होतो. तिथे वाचायला एक उतारा दिला, आणि तो मी इतक्या तळमळीने वाचला, की ‘कोकणात तुरळक ठिकाणी पाऊस पडेल’ या वाक्याला माझा गळा दाटून आला. पत्राने कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

त्यामुळे निवृत्तीनंतर मुलाकडे बेंगळुरूत कोरमंगलाला राहायला आल्यावर आमच्या सोसायटीच्या तरुण सेक्रेटरीने ‘अंकल, रेडिओवर बोलाल का?’ असं लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा मी चेहऱ्यावर काहीही न दाखवता ‘वेळ काढावा लागेल, बघतो,’ एवढंच म्हणालो. वेळ कशातून काढायचा हा प्रश्नच होता, कारण सकाळच्या चहापासून रात्रीच्या गोळीपर्यंत माझ्याकडे वेळाखेरीज दुसरं काही नव्हतं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबायच्या आत मी होकार दिला.

मलाच का विचारलं, तर दोन कारणं. एक म्हणजे मी सोसायटीच्या कचरा उपसमितीचा अध्यक्ष आहे. हे पद मला कर्तृत्वाने मिळालेलं नाही. वार्षिक सभेत समोसे आले आहेत का ते बघायला मी बाहेर गेलो, आणि परत आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. दुसरं म्हणजे मला कन्नड येतं. नोकरीतली काही वर्षं मी जत तालुक्यातल्या शाखेत काढली, तिथे कर्ज मागणारे आणि बुडवणारे दोघेही कन्नडमध्ये बोलायचे, त्यामुळे माझं कन्नड वसुलीच्या अंगाने तयार झालं. बेंगळुरूत मी तोंड उघडलं, की भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे आधी हसतात आणि मग ‘विजापूरकडचे का?’ असं विचारतात. पण आमच्या इमारतीत बाकी सगळी आयटीतली मंडळी. त्यांचं कन्नड रिक्षाच्या भाड्यापाशी संपतं. तेव्हा वासरांत मीच लंगडी गाय ठरलो.

रेडिओवर बोलायचं ठरल्यावर मी अभ्यासाला लागलो. ज्या केंद्रावर गेलो त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. ते होतं सामुदायिक रेडिओ केंद्र. म्हणजे आकाशवाणी नव्हे आणि सिनेमाची गाणी वाजवणारं खाजगी एफएमही नव्हे, तर आसपासच्या वस्तीने आसपासच्या वस्तीसाठी चालवायचं. याचा सगळा इतिहास मी खणून काढला आणि रात्रीच्या जेवणाला घरच्यांपुढे मांडला. १९९३ च्या हिरो करंडकाचं प्रक्षेपण कोणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांची जुंपली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल आला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, म्हणजे आपलेच, असं म्हणून मी पोळीचा तुकडा हवेत धरून थोडा थांबलो. कोणी काही बोललं नाही. पुढच्याच वर्षी याच बेंगळुरूत जमलेल्या लोकांनी सामुदायिक रेडिओची मागणी करणारा जाहीरनामा काढला. सरकारने २००२ च्या अखेरीस आधी शिक्षणसंस्थांना परवानगी दिली, २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आणि स्वयंसेवी संस्थांना दार उघडायला नोव्हेंबर २००६ उजाडलं. मग २००८ मध्ये तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला, त्याच वर्षी आपल्या माणदेशात म्हसवडला मन देशी तरंग वाहिनी निघाली. इथे बेंगळुरूत जैन विद्यापीठाचं रेडिओ ॲक्टिव्ह २००७ पासून चालू आहे, आणि तिथे कचरा वेचणारे आणि तृतीयपंथी स्वतः माइकपुढे बसून कार्यक्रम करतात. इथपर्यंत आल्यावर मी श्वास घेतला.

“अहो, आमटी गार झाली,” ही म्हणाली.

मी खचलो नाही. सांगली, मिरज, इस्लामपूर आणि एक चुलत बहीण इचलकरंजीला, अशा सर्वांना फोन करून कळवलं, की गुरुवारी अकरा वाजता ९०.४ वर मला ऐका. मिरजेच्या मेहुण्यांनी माळ्यावरचा ट्रान्झिस्टर काढून त्यात नवे सेल घातले. या केंद्रांना सहसा शंभर वॅट शक्तीनेच प्रक्षेपण करायची मुभा असते, टॉवर तीस मीटरपेक्षा उंच चालत नाही आणि आवाज धड दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोचतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अभ्यासात ते वाक्य आलं होतं. पण आपला आवाज शंभर वॅटात मावणार नाही, असं कुठेतरी आत वाटत असावं. आमच्या बाथरूममधल्या गीझरला दोन हजार वॅट लागतात. म्हणजे मी पाणी कोमट करण्याच्याही लायकीचा नव्हतो.

मिरज इथून सहाशे किलोमीटर आहे. मेहुणे दुपारी एक वाजेपर्यंत खरखर ऐकत होते.

भाषण मी सोळा पानं लिहिलं. सुरुवात मोहेंजोदडोच्या गटारांपासून. तिथून हळूहळू खाली उतरत पाचव्या पानावर मी मंडूरला पोचलो. मंडूर हे बेंगळुरूच्या वेशीबाहेरचं गाव. शहराचा कचरा वर्षानुवर्षं तिथे नेऊन ओतला, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि २०१४ च्या अखेरीस ते बंद पडलं. तेव्हा कुठे शहराला कळलं, की कचरा फेकण्यासाठी जी ‘बाहेर’ नावाची जागा असते तिथेही माणसं राहतात. मग २०१५ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने घराघरात दोन डबे आणि एक पिशवी सक्तीची केली: हिरव्या डब्यात ओला, लाल डब्यात डायपर-पॅडसारखा नकोसा, आणि पिशवीत सुका. हे सगळं त्या भाषणात होतं. त्यानंतर नगरसेवक, कंत्राटं, टेंडर आणि माझे जळजळीत विचार, अशी सहा पानं. शेवटी पसायदानाच्या धर्तीवर स्वतः रचलेलं काही.

गुरुवारी रिक्षाने निघालो. ईजीपुऱ्याच्या उड्डाणपुलाचं काम २०१७ साली सुरू झालं, आणि त्याच्या सुट्या खांबांखालून जाताना मला नेहमी आपलं आयुष्य फार वेगाने गेलं असं वाटायचं. त्या दिवशी खांबांखाली रिक्षा इतका वेळ उभी राहिली, की मी सोळाही पानांची उजळणी करून पुन्हा मोहेंजोदडोला आलो. रिक्षावाल्याने आरशातून बघत विचारलं, “विजापूरकडचे का?”

केंद्रावर माझ्या भाचीच्या वयाची एक निवेदिका होती. तिने माझी पानं हातात घेतली, चाळली आणि अत्यंत आदराने त्यांची विल्हेवाट लावायला सुरुवात केली. टेंडर आणि नगरसेवक चालणार नाहीत, राजकारण नियमात बसत नाही. कालच्या पेपरातली बातमी चालणार नाही, सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या असतील तर गोष्ट वेगळी. पाणी कधी जाणार, वीज कधी येणार, रस्ता कुठे बंद आहे हे सांगता येतं. मोहेंजोदडोवर बंदी नव्हती, पण ती म्हणाली, “सार, ते आपल्या भागात येत नाही.” किमान निम्मे कार्यक्रम वस्तीतल्या लोकांच्या सहभागाने स्थानिक पातळीवरच व्हायला हवेत, असा नियमच आहे. असं करत करत माझ्या हातात शेवटी उरलं ते सोळावं पान, म्हणजे पसायदान. आणि तिने सांगितलं, की मला तीन मिनिटं मिळतील.

“बाकीच्या वेळात काय?”

“बाकीच्या वेळात अक्का बोलतील.”

अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगावर हिरवा कोट, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांनी भरलेली एक मोठी पिशवी. लहानपणापासून कचरा वेचत आलेल्या, आता वॉर्डातल्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रात काम करणाऱ्या. कन्नड, तेलुगू, तमिळ आणि गरजेपुरती हिंदी बोलणाऱ्या. मी त्यांना नमस्कार केला आणि धीर देण्याच्या सुरात म्हणालो, की घाबरू नका, मी आहे. त्यांनी मान डोलावली. या केंद्रावर त्या कितव्यांदा आल्या आहेत हे मला मागाहून कळलं. निवेदिकेला माइक कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं होतं.

लाल दिवा लागला. निवेदिकेने माझी ओळख करून दिली, मी हेडफोन चढवला, घसा साफ केला आणि बोलायला लागलो, तो हेडफोनमध्ये दुसरेच कोणी नाकात बोलणारे गृहस्थ माझ्याच वेळी बोलू लागले. मी सभ्यपणे थांबलो. तेही थांबले. पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा तेच. ‘आधी तुम्ही’ असं मी म्हटलं, तर त्यांनीही तेच म्हटलं. निवेदिका हातवारे करून काही सांगत होती, अक्का माझ्याकडे मायेने बघत होत्या, आणि दक्षिण बेंगळुरूच्या दहा किलोमीटरांत संपूर्ण शांतता पसरली होती. ते गृहस्थ मीच होतो. चाचणीवाल्यांनी पत्र का पाठवलं नाही, हे इतक्या वर्षांनी समजलं.

तीन मिनिटं अशी संपली. मग फोन घेणं सुरू झालं. पहिल्याच बाईंनी विचारलं, की वापरलेला डायपर कुठल्या डब्यात टाकायचा. प्रश्न अक्कांना होता, पण माझं एकही वाक्य अजून बाहेर पडलेलं नसल्यामुळे मी माइक जवळ ओढला. वास्तविक याचं उत्तर माझ्या सहाव्या पानावर होतं. परंतु ते पान निवेदिकेच्या टेबलावर पालथं पडलेलं, आणि आयत्या वेळी मी तर्काचा आधार घेतला. ज्या वस्तूला ओलावा आहे ती वस्तू ओली.

“ओल्या कचऱ्यात,” मी ठामपणे म्हणालो.

अक्कांनी हळूच माइक आपल्याकडे घेतला आणि सांगितलं, की ओल्या कचऱ्याचं खत होतं, त्यात डायपर गेला तर तो हाताने वेचून काढायला लागतो. कोणाच्या हाताने, हे त्यांनी सांगितलं नाही. कागदात गुंडाळून, खूण करून, लाल डब्यात टाका, म्हणाल्या. फोनवरच्या बाईंनी आभार मानले आणि ‘आधी बोलले ते कोण होते’ अशी चौकशी केली.

त्यानंतर जे झालं ते मात्र मी विसरणार नाही. अक्कांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि निवेदिकेला सांगितलं, की यातलं काहीही माइकपुढे चुरगळ, मी न बघता ओळखते. कुरकुर आवाज आला. त्या म्हणाल्या, पातळ कॅरीबॅग, भाव कमी. मऊ, दबका आवाज आला. त्या म्हणाल्या, दुधाची पिशवी, धुतलेली असेल तर चांगला भाव. कडक तडतड झाली. चिप्सचं पाकीट, आतून चांदी, त्याला कोणीच घेत नाही, सिमेंटच्या भट्टीत जळायला जातं. रेडिओ कशासाठी असतो ते मला तिथे पहिल्यांदा कळलं. सोळा पानांत मी जे सांगणार होतो ते त्यांनी एक पिशवी चुरगळून सांगितलं होतं. मग निवेदिकेने मलाही ओळखायला लावलं. मी डोळे मिटले, कान टवकारले आणि दुधाच्या पिशवीला चिप्स म्हणालो. सकाळी दूध घ्यायला मीच जातो.

एव्हाना मी सावरायला हवं होतं, गप्प बसायला हवं होतं. पण अक्का सांगू लागल्या, की पिशवी उघडली की घर कळतं. लहान मूल आलं, पाहुणे आले, कोणी आजारी पडलं, सगळं सुक्या कचऱ्यात आधी दिसतं. एक घर आहे, त्यांच्या पिशवीत वर वर्तमानपत्रं अगदी नीट घडी घातलेली असतात, आणि त्याखाली लपवून खाऊची पाकिटं, त्यांवर हिंदीसारखी अक्षरं, आत तेलकट मसाल्याचे तुकडे. आणि गोड दह्याच्या प्रकाराचे डबे, न विसळता झाकण लावून ठेवलेले, उघडले की मुंग्या बाहेर. त्याने सगळा कागद खराब होतो, त्या दिवसाच्या कागदाचे पैसे जातात.

हे ऐकून माझ्यातला अध्यक्ष पेटला. विजापुरी कन्नडमध्ये, वसुलीच्या जुन्या सुरात, मी त्या घराला फैलावर घेतलं. ही शिकलेली माणसं म्हणायची का, म्हणालो. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिथल्या कचरावेचकांनी शहराला शहाणं केलं, आणि इथे कोरमंगलासारख्या भागात ही तऱ्हा? असल्यांची नावं फाटकावर लावा, दंड करा, लाज वाटेल तेव्हाच सुधारतील. वाक्यामागून वाक्य सुचत गेलं, आवाजही लागला, नाकातले गृहस्थसुद्धा जरा भारदस्त वाटायला लागले.

अक्का पुढे म्हणाल्या, “गंमत म्हणजे सार, त्याच पिशवीत शुगरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही असतात.”

ती पिशवी माझी होती.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, हिने तळकट बंद केलंय, आणि सांगलीहून येणारा प्रत्येक जण बाकरवडी घेऊन येतो. श्रीखंड इथेही मिळतं. दुपारी घरात कोणी नसताना जे काही घडतं त्याचा पुरावा पेपरांच्या रद्दीखाली दाबून ठेवला, की संपलं, अशी माझी भावना होती. कचऱ्यात कोण बघतंय! कचरा उपसमितीचा अध्यक्ष असूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर चहा आला. मी बिनसाखरेचा मागितला. अक्का खुर्ची जवळ घेऊन, आवाज खाली आणून म्हणाल्या, “सार, डबा तेवढा विसळून देत जा. मुंग्या हाताला चावतात.” त्या मला फाटकावर पिशवी ठेवताना दर खेपेला बघत होत्या. मी विचारलं, मग रेडिओवर नाव का नाही घेतलं? त्या म्हणाल्या, इथे कोणाची नावं घेऊन बदनामी करायची नाही असं ठरलेलं आहे. फाटकावर नावं लावायची सूचना मघाशी मी केली होती, त्यांनी नाही.

निवेदिकेला मी बाजूला घेऊन विचारलं, की हा कार्यक्रम पुसून टाकता येईल का. ती गोड हसली. प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो, सरकारी नियम आहे. माझं कुठलंही लिखाण, कुठलंही मत आजवर कोणी तीन महिने जपून ठेवलेलं नाही. हे ठेवणार होते.

घरी येईपर्यंत मला एकच आशा होती, ती म्हणजे हिला कन्नड येत नाही. मला ही गोष्ट माहीत नव्हती, की आमच्याकडे कामाला येणारी बाई, ईजीपुऱ्याहून येते ती, भांडी घासताना रोज हेच केंद्र लावते. अशा केंद्रांचे खरे श्रोते तेच: भांडी घासणाऱ्या बाया, वॉचमन, स्टँडवरचे रिक्षावाले. सोसायटीतल्या एकाही सभासदाने कार्यक्रम ऐकला नव्हता, सेक्रेटरीनेही नाही. त्या बाईने ओट्याशी उभं राहून, हिंदीत, पूर्ण कार्यक्रमाचं वाक्यागणिक भाषांतर केलं होतं. मधली शांतताही तिने अभिनयासह करून दाखवली असावी, कारण मी दार उघडलं तेव्हा दोघी डोळे पुसत होत्या. टेबलावर सुक्या कचऱ्याची पिशवी उपडी केलेली, श्रीखंडाचे डबे आकाराप्रमाणे ओळीने मांडलेले.

“कोण हो असली माणसं?” ही म्हणाली. “नावं लावा फाटकावर.”

तेव्हापासून आमच्याकडची पिशवी मी भरतो, ही तपासते आणि अक्का नेतात. अक्कांचा आता दर आठवड्याला स्वतःचा कार्यक्रम असतो. परवा पावसाच्या पाण्याच्या नाल्यांवर झाला, चौथ्या ब्लॉकातल्या लोकांनी फोनवर फोन केले, कारण मोठा पाऊस झाला की राजकालवा, म्हणजे तिथला मोठा नाला, त्यांच्या तळघरात येतो. मी ऐकतो. फोन करत नाही. सोसायटीच्या यंदाच्या सभेत समोसे आले तेव्हा मी जागचा हललो नाही, तरी अध्यक्षपद माझ्याकडेच राहिलं; दुसरं कोणी तयारच नव्हतं.

तुमच्या गावात असं केंद्र असेल तर ऐका, पुण्यात विद्यावाणी आहे, म्हसवडला मन देशी आहे. आणि श्रीखंडाचा डबा, गोड बंद असो वा नसो, टाकण्याआधी विसळा. दुधाची पिशवीसुद्धा. चिप्सच्या पाकिटांना मात्र अजून कोणीही गिऱ्हाईक नाही.